रोजगाराच्या नावाने कोणाची जमीन?

एखादा मोठा प्रकल्प येऊ घातला की मालक मंडळींना आणि सरकारला सर्वात आधी कामगारांची आठवण होते. एरवी वर्षानुवर्षे किमान वेतनाचा प्रश्न पडून राहतो, कंत्राटी कामगार कायम होत नाही, बंद कारखान्यातील देणी मिळत नाहीत. पण जमीन हवी असली, डोंगर फोडायचा असला किंवा विहीर खणायची असली की 'हजारो हातांना काम मिळेल' ही घोषणा तयार असते. जो विरोध करील तो रोजगाराचा शत्रू ठरतो. मग कामगार एका बाजूला आणि जमीन राखणारा आदिवासी दुसऱ्या बाजूला असे चित्र उभे केले जाते आणि या दोघांचे भांडण लावून देणारा तिसरा पक्ष मात्र नामानिराळा राहतो.

हा डाव केवळ आपल्याच देशात खेळला जातो असे नाही. जगातील सर्वात श्रीमंत देशात, अमेरिकेच्या अलास्का राज्यात, तो गेली चाळीस वर्षे चालू आहे. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत कारभार खात्याने तेथील आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यातील किनारपट्टीचे संपूर्ण मैदान, म्हणजे सुमारे १५ लाख ६० हजार एकर जमीन, तेल कंपन्यांसाठी पुन्हा खुली करीत असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने तर दहा वर्षांत तेथे निदान चार लिलाव घेणे सरकारवर बंधनकारक केले आहे. ज्या ग्विचिन आदिवासींनी ही जमीन आजवर राखली, त्यांची लढाई त्यामुळे पुन्हा एकदा नव्याने सुरू झाली आहे. ही लढाई भारतातील कामगाराने समजून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

ग्विचिन कोण आहेत?

अलास्काचा ईशान्य भाग आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा वायव्य भाग येथे पंधराएक लहान वस्त्यांत हे लोक राहतात. त्यांची एकूण संख्या आठ-नऊ हजारांच्या घरात आहे. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गिरणीत एके काळी तीन पाळ्यांत जेवढे कामगार असत, जवळपास तेवढेच. १८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकला, तेव्हा तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. पुढे सीमारेषा आखली गेली, तेव्हाही नाही. एकाच जमातीचे लोक दोन देशांचे नागरिक झाले.

या लोकांचे जगणे कॅरिबू या प्राण्यावर चालते. कॅरिबू म्हणजे रेनडिअरचाच रानटी भाऊबंद. पोर्क्युपाइन नदीच्या नावाने ओळखला जाणारा त्याचा कळप २०१७ च्या गणनेत सुमारे २ लाख १८ हजारांचा होता. हिवाळा दक्षिणेकडील जंगलात काढून हा कळप दरवर्षी शेकडो मैल चालत उत्तरेकडे समुद्रकिनाऱ्याच्या मैदानावर जातो आणि जूनच्या सुरुवातीला तेथे माद्या वितात. तेथे कोवळे पौष्टिक गवत असते, समुद्राच्या वाऱ्यामुळे डासांचा जाच कमी असतो, लांडगे आणि अस्वले तुलनेने थोडी असतात. नवजात पिल्लाचे पहिले काही आठवडे तेथे निभावले तर कळप टिकतो. ग्विचिनांची गावे या कळपाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वसलेली आहेत. मांस खायला, कातडे कपड्यांना आणि ढोलाला, हाडे हत्यारांना, असा या प्राण्याचा जवळजवळ प्रत्येक भाग ते वापरतात. आर्क्टिक व्हिलेजसारख्या गावाला रस्ता नाही. दुकानातला माल विमानाने येतो आणि त्याची किंमत गरिबाला परवडणारी नसते. तेव्हा कॅरिबू नाही याचा अर्थ चुलीवर काही नाही.

म्हणूनच ते त्या मैदानाला 'जिथून जीवनाला सुरुवात होते ते पवित्र स्थान' म्हणतात. त्यांच्या परंपरेत असे सांगतात की फार पूर्वी माणूस आणि कॅरिबू यांनी एकमेकांच्या हृदयाचा अंश स्वतःत ठेवून घेतला. आणि या पावित्र्याचा अर्थ ते कसा पाळतात पाहा. ते स्वतः त्या मैदानावर शिकारीला जात नाहीत. उपासमारीच्या वर्षांतही तेथे पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. आपल्याकडे देवराईत कोयता चालत नाही, वाळलेली फांदीही कोणी उचलून नेत नाही. तशातलाच हा प्रकार. शहरी माणसाला यात अंधश्रद्धा दिसेल. आम्हाला त्यात शिस्त दिसते. ज्या ठिकाणावर सर्वांचे उद्याचे अन्न अवलंबून आहे, तेथे आज कितीही भूक असली तरी हात घालायचा नाही, हा तो नियम आहे. संपाच्या निधीला घरखर्चासाठी हात लावायचा नसतो, हे ज्याला कळते त्याला हा नियम कळायला अडचण पडू नये.

कायद्याची कहाणी

१९६८ मध्ये या मैदानाच्या पश्चिमेस प्रुडो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडला. तेल दक्षिणेकडील बंदरापर्यंत नेण्यासाठी आठशे मैलांची वाहिनी टाकायची होती आणि वाटेतील जमिनीवर मूळ रहिवाशांचा हक्क होता. तो प्रश्न मिटवण्यासाठी १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला. अलास्कातील आदिवासींना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर देऊन बाकी सर्व हक्क संपुष्टात आणण्यात आले. पण ही जमीन गावाला किंवा जमातीला मिळाली नाही. ती नव्याने काढलेल्या कंपन्यांना मिळाली आणि आदिवासी त्यांचे भागधारक झाले. १८ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्या मुलांना त्या कायद्याने मुळात भागही दिला नव्हता. जमिनीच्या धन्याला कंपनीचा भागधारक करून टाकायचे ही युक्ती किती नामी आहे, हे सहकारी कारखान्यांचे आणि सरकारी उद्योगांचे भाग विकले जाताना पाहिलेल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आर्क्टिक व्हिलेज आणि व्हीनेटाय या दोन ग्विचिन गावांनी तेव्हा पैसे नाकारले. रोख रक्कम आणि कंपनीचे भाग सोडून त्यांनी आपली १८ लाख एकर जमीन मालकी हक्काने घेतली. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या जमिनीवर जमातीला स्वशासनाचा आणि कर बसवण्याचा अधिकार नाही असा निकाल दिला. तरीही जमीन त्यांची राहिली. गरिबीत राहून रोख पैसा नाकारणारी ही माणसे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. उद्या कोणी म्हणाले की त्यांचा विरोध केवळ जादा मोबदल्यासाठी आहे, तर त्याला हे उत्तर आहे.

माद्या जेथे वितात ते मैदान मात्र या १८ लाख एकरांत येत नाही. ते केंद्र सरकारच्या ताब्यातील अभयारण्यात आहे. १९६० मध्ये हे क्षेत्र प्रथम राखीव झाले. १९८० च्या कायद्याने त्याचा विस्तार करून ते १ कोटी ९० लाख एकरांवर नेले. परंतु किनाऱ्यावरील सुमारे १५ लाख एकरांचा निर्णय अधांतरी ठेवला. संसदेने परवानगी दिल्याशिवाय तेथे तेल काढता येणार नाही, एवढेच ठरले. याचाच अर्थ असा की, दर काही वर्षांनी तेल कंपन्या संसदेचे दार ठोठावणार आणि दर वेळी मूठभर लोकांनी धावत जाऊन ते दार लावून घ्यायचे.

१९८७ मध्ये अंतर्गत कारभार खात्याने मैदान खुले करण्याची शिफारस केली. त्यानंतर जून १९८८ मध्ये आर्क्टिक व्हिलेज येथे दोन्ही देशांतील ग्विचिन एकत्र आले. संपूर्ण जमातीची अशी सभा शंभराहून अधिक वर्षांत झालेली नव्हती. वडीलधाऱ्यांनी आपापसात चर्चा करून एकमुखी ठराव केला की माद्या वितात ते मैदान कायमचे सुरक्षित राहिले पाहिजे. आणि तो ठराव जगापुढे मांडण्यासाठी एक सुकाणू समिती नेमली. तोच ठराव दर दोन वर्षांनी जमून ते पुन्हा संमत करतात. या कामासाठी सेरा जेम्स, जोनाथन सॉलोमन आणि नॉर्मा कॅसी या तिघांना २००२ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. संघटना म्हणजे काय, हे आम्ही कार्यकर्त्यांच्या शिबिरात शिकवतो: सर्वांना बोलावणे, ऐकून घेणे, एक ठराव करणे आणि तो न विसरणे. आठ-नऊ हजार माणसांनी ते करून दाखवले.

१९९१ मध्ये विधेयक सिनेटमध्ये अडले. १९९५ मध्ये ते अर्थसंकल्पात घुसवले गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २००२ मध्ये आणि २००५ मध्ये सिनेटने पुन्हा अडवले. अखेर २०१७ मध्ये करकपातीच्या कायद्याला शेपूट जोडून मैदान खुले करण्यात आले. श्रीमंतांचे कर कमी केल्याने तिजोरीत पडलेली तूट भरून काढण्यासाठी आदिवासींची पवित्र भूमी विकायला काढली, इतका हा व्यवहार सरळ होता.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. या तरतुदीतून दहा वर्षांत केंद्राच्या तिजोरीत सुमारे ११० कोटी डॉलर येतील असा संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. ६ जानेवारी २०२१ च्या पहिल्या लिलावात एकूण बोली लागली १ कोटी ४४ लाख डॉलरची, आणि त्यातलाही निम्मा वाटा राज्याचा. एकही बडी तेल कंपनी आली नाही. बहुतेक भाडेपट्टे अलास्का राज्याच्याच औद्योगिक विकास मंडळाने घेतले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली आली नाही. तत्पूर्वी २०२० पर्यंत अमेरिकेतील सहाही मोठ्या बँकांनी आर्क्टिकमधील तेल उत्खननाला कर्ज न देण्याचे धोरण जाहीर केले होते आणि बँकांच्या दारात जाऊन हा प्रश्न मांडणाऱ्यांत ग्विचिन प्रतिनिधी होते. भांडवलाला जे हिशेबाने परवडेना ते आता सरकार कायद्याच्या जोरावर चालवू पाहत आहे. बाजाराचे स्वातंत्र्य मानणाऱ्यांनी याचा खुलासा करावा.

कामगार संघटनांची चूक

आता आपल्या घरातील गोष्ट. २००१ मध्ये अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहात हे विधेयक आले, तेव्हा त्यासाठी सर्वात जोरदार प्रयत्न करणाऱ्यांत टीमस्टर्स ही तेथील वाहतूक कामगारांची बलाढ्य संघटना होती. तिचे अध्यक्ष जेम्स पी. हॉफा यांनी सांगितले जाणारे रोजगाराचे आकडे पुढे केले. हा आकडा होता ७ लाख ३५ हजार. तो आला कोठून? तेल कंपन्यांच्या संघटनेने १९९० मध्ये करवून घेतलेल्या एका अहवालातून. पुढे अर्थशास्त्रज्ञ डीन बेकर यांनी त्याची छाननी केली तेव्हा वास्तव आकडा पन्नास हजारांच्याही आत भरला. प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केले. सिनेटमध्ये ते पडले.

आम्ही टीमस्टर्सच्या सभासदांना दोष देत नाही. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता आहे आणि हाताला काम नाही, त्याला पाऊण लाख काय आणि सात लाख काय, त्यातली एक नोकरी आपली असावी असे वाटणारच. परंतु पुढाऱ्यांनी एक गोष्ट विचारायला हवी होती. ज्या सरकारला कामगारांचा एवढा कळवळा आला होता, त्याच सरकारने त्याच वर्षी मार्च महिन्यात, एकाच प्रकारच्या सततच्या हालचालींमुळे कामगारांच्या हातापाठीचे जे विकार होतात त्यांपासून संरक्षण देणारा नियम रद्द केला होता. आणि पुढच्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या टाळेबंदीत टॅफ्ट-हार्टले कायद्याचा बडगा उगारला. कामगाराचे हातपाय शाबूत राहावेत यासाठी ज्याला दमडी खर्चायची नाही, तो कामगाराच्या रोजगारासाठी आदिवासींशी भांडत होता, यावर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरे असे की, तेल काढण्याच्या कामात खर्चकपात केली की त्याची किंमत प्रथम कामगार मोजतो आणि लगोलग निसर्ग. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात सांडले. दारू प्यालेल्या कप्तानाची गोष्ट जगभर गाजली. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दिलेल्या कारणांत जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्याचा थकवा व कामाचा बोजा, आणि पुरेसे व विश्रांती घेतलेले खलाशी देण्यात कंपनीने केलेली कसूर, हीही होती. म्हणजे कमी माणसांत जास्त काम हेच तेथेही मूळ होते. मच्छीमार आणि इतर बाधितांसाठी ज्यूरीने १९९४ मध्ये ठोठावलेली ५०० कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५० कोटींवर आणली.

मार्च २००६ मध्ये प्रुडो बे येथेच गंजलेल्या नळातून दोन लाख गॅलनहून अधिक तेल गळाले. बर्फाखाली ते काही दिवस वाहत होते. एका कामगाराला वास आला म्हणून ते कळले. देखभालीतील काटकसरीबद्दल तेथील कामगार प्रतिनिधी अगोदरपासून तक्रार करीत होते. ब्रिटिश पेट्रोलियमच्या अलास्कातील कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून दोन कोटी डॉलर भरले. कामगाराचे ऐकले असते तर ना टुंड्रावर तेल सांडले असते ना कंपनीला दंड झाला असता.

आपल्याकडेही असेच घडले. २७ मे २०२० रोजी आसामात तिनसुकिया जिल्ह्यातील बागजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीचा स्फोट झाला. विहिरीवरचे काम खाजगी कंत्राटदाराकडे होते. ९ जून रोजी आग लागली, तीत ऑइल इंडियाचेच दोन अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. आग पूर्णपणे विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग बिलात मासेमारी करून पोट भरणाऱ्या कुटुंबांचे जगणे उद्ध्वस्त झाले. ते दोन कर्मचारी आणि ते मच्छीमार एकाच बाजूचे होते. मधे उभी होती ती कंत्राटी पद्धत.

विरोधी बाजूचे म्हणणे

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या मैदानाच्या काठावर काक्तोविक नावाचे इन्युपियात आदिवासींचे गाव आहे. तेथील अनेक जण, आणि इन्युपियातांच्या जमीनधारक कंपन्या, तेल काढण्याच्या बाजूने आहेत. गावात विरोध करणारेही आहेत. तेलावरील कराच्या उत्पन्नातून त्या उत्तरेकडील भागात शाळा, दवाखाने, नळाचे पाणी, सांडपाण्याची सोय आली. पन्नास वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. ज्याच्या घरी पहिल्यांदा नळ आला, त्याला तेल वाईट आहे असे सांगणारे आपण कोण?

आमचे उत्तर असे. नळाचे पाणी, शाळा आणि दवाखाना हा नागरिकाचा हक्क आहे. जगातील सर्वात श्रीमंत देशाच्या नागरिकाला तो तेलाच्या बदल्यातच मिळावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि एका आदिवासी जमातीला नळ हवा असेल तर दुसरीने आपले अन्न सोडावे, अशी अट ज्या व्यवस्थेने घातली तिच्याविरुद्ध दोघांनी मिळून बोलायला हवे. इन्युपियातांना शत्रू ठरवणे हेही मालकांचेच काम सोपे करणे होईल.

दुसरा युक्तिवाद असा की, प्रुडो बे येथे विहिरी खणल्या तरी तेथील कॅरिबूंचा कळप वाढलाच. ही गोष्ट काही काळ खरी होती. मध्य आर्क्टिक कळप १९७० च्या दशकात पाचएक हजारांचा होता, तो २०१० पर्यंत ६८ हजारांच्या आसपास गेला. पण २०१६ मध्ये तो २३ हजारांच्या जवळ आला. शिवाय विणाऱ्या माद्या तेथेही रस्ते आणि नळ टाळून दूर सरकल्या, असे निरीक्षण आहे. तेथील मैदान रुंद, म्हणून सरकायला जागा होती. अभयारण्यातील मैदान डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळे आहे आणि कळप कितीतरी मोठा. तेथून हटलेल्या माद्यांनी जायचे ते अस्वलांच्या डोंगराकडे.

तिसरा आक्षेप नेहमीचाच: ग्विचिन स्वतः बर्फावरच्या गाड्यांत पेट्रोल घालतात, डिझेलवर वीज करतात आणि अलास्काच्या तेलनिधीतून प्रत्येक रहिवाशाला मिळणारा वार्षिक लाभांशही घेतात, मग तेलाला विरोध कसा? पण त्यांनी जगातील सर्व तेलविहिरी बंद करा असे म्हटलेलेच नाही. त्यांनी एक जागा सोडा म्हटले आहे. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्रीय खात्याने १९९८ मध्ये या मैदानाच्या केंद्र सरकारी भागात काढता येण्याजोग्या तेलाचा मध्यम अंदाज ७७० कोटी पिंप दिला. अमेरिका दिवसाला सुमारे दोन कोटी पिंप वापरते. म्हणजे सगळे तेल निघाले तरी ते त्या देशाला वर्षभराच्या आसपास पुरेल. एका वर्षाच्या इंधनासाठी एका जमातीचा कायमचा घास, असा हा सौदा आहे.

आपण काय करावे?

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक तेल बाहेरून येते. तेल, कोळसा, लोखंड, बॉक्साइट या उद्योगांत आपले लाखो सभासद आहेत. म्हणून हा प्रश्न आम्हाला नैतिक उपदेश करून टाळता येत नाही. नियमगिरीचे उदाहरण घ्या. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंधांच्या पवित्र डोंगरावरील बॉक्साइट खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा. त्यांचा खरा अर्थ त्या दिवशी दिसला. पण पायथ्याच्या लांजीगढ कारखान्यातील कामगाराच्या पोटात त्या दिवशी गोळा आला असेल, हेही आम्ही जाणतो. गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान मानणारे माडिया गोंड आहेत आणि त्याच डोंगरावरील खाणीत कामाला जाणारे तरुणही त्यांच्याच गावांतले आहेत. कामगार आणि आदिवासी हे दोन वेगळे प्राणी नाहीत. पुष्कळदा ते एकाच घरात जेवतात. दल्ली राजहराच्या लोहखाणीत शंकर गुहा नियोगींनी १९७७ पासून जी संघटना बांधली, तिचे बळ यातच होते की तिचा खाणकामगार आणि गावातला आदिवासी एकच होता. १९९१ मध्ये त्यांचा खून झाला, तरी हा धडा पुसला गेलेला नाही.

अमेरिकेतही वेगळा रस्ता दाखवणारा माणूस तेल कामगारांतूनच निघाला. तेल, रसायन व अणुऊर्जा कामगारांच्या संघटनेचे टोनी मॅझोकी यांनी १९७३ मध्ये शेल कंपनीतील आरोग्य आणि सुरक्षिततेच्या संपात पर्यावरणवाद्यांना बरोबर घेतले. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी मागणी केली की, विषारी जमीन साफ करण्यासाठी जसा निधी असतो तसा, पर्यावरणाच्या कारणाने ज्यांचे काम जाते त्या कामगारांना पगार आणि नवे शिक्षण देण्यासाठीही निधी असावा. न्याय्य स्थित्यंतर हा शब्द आज सरकारी परिषदांत फिरतो. तो मुळात कामगाराच्या तोंडचा आहे, हे आम्ही विसरता कामा नये.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८९ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा करार क्रमांक १६९ केला. ही संघटना काही बाहेरच्यांची नाही. तिच्यात कामगार प्रतिनिधी सरकार आणि मालक यांच्या बरोबरीने बसतात. भारताने १९५७ चा जुना करार क्रमांक १०७ मान्य केला, पण १६९ आजवर मान्य केलेला नाही. अमेरिकेने दोन्ही नाही. आठवड्याची सुट्टी आणि बाळंतपणाची रजा यांसाठी ज्या मंचाचे करार आपण पुढे करतो, त्याच मंचाचा हा करार आहे. तो मान्य करा ही मागणी आदिवासी संघटनांनी एकट्याने का करावी?

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. कोणत्याही प्रकल्पाला पाठिंब्याचा ठराव करण्यापूर्वी युनियनच्या प्रतिनिधींनी त्या भागातील ग्रामसभेशी समोरासमोर बोलावे. रोजगाराचा आकडा कोणी काढला, त्यात कायम नोकऱ्या किती आणि बांधकामापुरत्या किती, हे लेखी मागावे. तेल आणि खाणीच्या धोकादायक कामातील कंत्राटी पद्धत बंद करण्याची मागणी आणि जमीन राखण्याची मागणी एकाच निवेदनात यावी. जेथे लोकांनी प्रकल्प नाकारला तेथे त्यावर अवलंबून असलेल्या कामगारांची जबाबदारी सरकारने आणि मालकाने घ्यावी, हा आमचा आग्रह असावा. लोकांच्या नकाराची शिक्षा कामगाराला आणि कामगाराच्या भुकेची शिक्षा लोकांना होता कामा नये.

आमच्या वाचकांत इंदूर, बडोदा, भिलाई, हैदराबाद येथील कारखान्यांत दोन-तीन पिढ्या काढलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांतल्या कित्येकांचे आजोबा-पणजोबा जमीन गेली म्हणून गाव सोडून आले. जमीन गेल्यावर माणसाचे काय होते, हे या घरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ग्विचिनांना त्या वाटेने जायचे नाही. दर दोन वर्षांनी ते एकत्र बसतात आणि १९८८ चाच ठराव पुन्हा वाचतात. तेवढ्या काळात अमेरिकेत सात राष्ट्राध्यक्ष झाले, कायदे झाले आणि फिरले, लिलाव झाले आणि फसले. कॅरिबू मात्र दर जूनमध्ये त्याच मैदानावर वितात. पुढचा लिलाव येईल तेव्हा तेल कंपन्यांच्या बाजूने कामगारांचे नाव घेतले जाईल. ते नाव आम्हाला न विचारता घेतले जात आहे, एवढे तरी जगातील कामगार संघटनांनी मोठ्याने सांगितले पाहिजे.